मागच्या बाजूला मिस अल्मेडा

त्या वर्षी किंग्स्टनमध्ये दुःखाला फार मागणी होती. लंडनचे रेकॉर्डींचे व्यापारी विमानाने यायचे, हॉटेलात बसून कोळंबी खायचे आणि आमच्या निर्मात्यांना विचारायचे, की याहून थोडं जास्त हाल झालेलं काही असेल तर दाखवा. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रेमाची गाणी चालायची. आता गायकाने डोळे मिटावेत, नदीपलीकडच्या घराची आठवण काढावी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय एका तानेत बाहेर काढावा, अशी अपेक्षा होती. अन्यायाची आमच्याकडे टंचाई कधीच नव्हती. पण अन्याय झालेला आणि शिवाय सुरात असलेला माणूस मिळणं कठीण.

व्हर्नल सुरात होता. अडचण एवढीच होती, की तो सुखी होता.

गुबगुबीत गालांचा, हसरा पोरगा. त्याची आई, मिस अल्मेडा (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात), ट्रेलॉनीच्या डोंगरात याम नावाचे कंद पिकवायची आणि दर आठवड्याला ट्रकवर कंदांच्या पोत्यांवर बसून कॉरोनेशन मार्केटात विकायला यायची. सगळ्यात चांगला पिवळा याम ती आधी व्हर्नलच्या खोलीवर टाकायची आणि उरलेला जनतेला विकायची. अशा आईच्या पोराला यातना कुठून आणायच्या? त्याचा आवाज डब्यातल्या गोड दुधासारखा होता. पावाला लावून खावा असा.

निर्मात्याला सगळे डीकन म्हणायचे. तरुणपणी तो चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा आणि एका रविवारी थाळी फिरवत फिरवत दाराबाहेर गेला तो परत आलाच नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्याच्याकडे ट्रॉम्बोन वाजवायचो, म्हणजे बराचसा वेळ भिंतीला टेकून आपली पाळी कधी येते ते बघायचो. त्यामुळे पुढचं सगळं मी बसल्या जागी पाहिलेलं आहे.

ठेका आणि बास आदल्या दिवशीच टेपवर घेऊन झाले होते. व्हर्नलचा आवाज आणि माझा ट्रॉम्बोन तेवढा चढवायचा होता.

"व्हर्नल," काचेपलीकडच्या खोलीतून डीकनचा आवाज आला. तिथे गायकाशी बोलायला बटण दाबायचा एक छोटा माइक असतो. "तुझ्या आज्याच्या आज्याला साखळदंडात बांधून या बेटावर आणलंय. तुला आता घरी जायचंय. तू गातोयस असा, जसं काही तिकडे कोणी तुला जेवायला बोलावलंय."

"सॉरी, डीकन."

"सकाळी काय खाल्लंस?"

"याम. आणि मम्माने दिलेलं कालवण."

"उद्या उपाशी ये."

दुसऱ्या दिवशी तो उपाशी आला आणि जास्तच गोड गायला, कारण गाताना त्याच्या डोळ्यांपुढे जेवण होतं. मग डीकनने त्याला बुटात खडे घालून उभं केलं. खड्यांनी त्याचा ठेका थोडा सुधारला, पण दुःख काही येईना. दुपार झाली. डीकनने रुमालाने मान पुसली, आमच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि बटण दाबलं.

"व्हर्नल, बेटा, हेडफोन काढू नकोस. आत्ताच निरोप आलाय. ट्रेलॉनीचा ट्रक दरीत गेला. तुझी आई होती त्यात. गेली रे."

आणि दुसऱ्या हाताने त्याने खूण केली, की टेप चालू करा.

कानात बास सुरू झाला तरी व्हर्नल तसाच उभा. पहिली ओळ रिकामी गेली. दुसरीही. बास आपला एकटाच चालत होता, रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या माणसासारखा. मग कुठून तरी खालून एक आवाज आला. तो व्हर्नलचा आहे हे कळायला आम्हाला वेळ लागला. गाण्याचे शब्द त्याने सोडूनच दिले होते. आमच्याकडे गावाकडे माणूस गेलं, की पुरण्याआधी त्याला नावाने हाका मारतात, वाटेत एकटं वाटू नये म्हणून. तसा तो हाका मारत होता. अल्मेडा. ओ, मिस अल्मेडा. वर जाऊन सूर फाटायचा, आणि फाटलेला सूर तो सोडून न देता तसाच धरून ठेवायचा. मध्येच नदीची, घराची एखादी ओळ आठवायची, ती अर्धी म्हणायचा आणि पुन्हा हाका. ड्रमवाल्याने हातातली बाटली अलगद खाली ठेवली. मी वाजवायचं विसरलो. कोणी रागावलं नाही.

गाणं संपल्यावर डीकन स्वतः आत गेला आणि त्याने व्हर्नलला मिठी मारली.

"रडू नको, रडू नको. काही झालेलं नाही. ती बाजारात बसलीय, याम विकतेय. मी आपलं सांगितलं."

व्हर्नलने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "थँक यू, डीकन."

ज्याला आई परत मिळते तो दुसरं काय म्हणणार?

तो तसाच धावत बाजारात गेला आणि याम तुडवत आईच्या गळ्यात पडला. मिस अल्मेडा उंच, हाडकुळी बाई, डोक्यावर नवऱ्याची जुनी हॅट. तिने त्याला हातभर लांब धरलं.

"काय पाहिजे?"

"काही नाही, मम्मा."

"मग मालावरून पाय काढ."

त्या रात्री व्हर्नलला झोप लागली. सकाळी मात्र त्याच्या ध्यानात आलं, की आई जिवंत आहे, पण टेपवर ती मेलेली आहे. आणि टेपची आता रेकॉर्ड निघणार.

तो डीकनकडे आला. "तिचं नाव काढा. जित्या माणसाला असं हाका मारणं बरं नाही. आणि बाजारात कोणी ऐकलं तर लोक तिचं जिणं नकोसं करतील."

"मग परत गा. नावाशिवाय."

व्हर्नल परत गायला. गोड दूध.

"बघ," डीकन म्हणाला. "माझा इलाज नाही. टायटसकडे जा. तो वाटेल ते काढून देतो."

टायटस रेडिओ आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं मिक्सिंगचं यंत्र होतं आणि त्यावर तो डब करायचा. म्हणजे तयार गाणं घ्यायचं आणि त्यातून एकेक गोष्ट बाहेर न्यायची. आधी गिटार, मग बाजा, मग गायक. मग गायकाचा एखादाच तुकडा आत सोडायचा आणि तो विरेपर्यंत घुमवत ठेवायचा. सामान हलवल्यावर खोली केवढी होती ते कळतं ना, तसं. रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला गाणं असायचं आणि मागच्या बाजूला त्याचा हा सांगाडा. गल्लीगल्लीत भिंतीएवढे स्पीकर लावून नाच भरवणारे साउंडवाले पुढची बाजू शिष्टाचार म्हणून वाजवायचे. नाच व्हायचा मागच्या बाजूवर.

मी व्हर्नलबरोबर गेलो होतो. टायटसने टेप ऐकली. तो शब्द ऐकत नसे, फक्त आवाज ऐकायचा.

"नाव काढायचं," व्हर्नल म्हणाला.

"कोणाचं?"

"आईचं. ती जिवंत आहे."

"हं," टायटस म्हणाला. ती जिवंत आहे की नाही, याने बासमध्ये काही फरक पडत नव्हता.

"शब्द दे मला."

"पुढच्या बाजूला तिचं नाव एकदाही येणार नाही. दिला."

टायटस शब्दाला पक्का होता. रेकॉर्ड निघाली तेव्हा पुढच्या बाजूला मिस अल्मेडाचं नाव औषधालाही नव्हतं. जिथे जिथे ती हाक होती तिथे तिथे त्याने इतकं सफाईने बोट फिरवलं होतं, की गायक दम घेतोय असं वाटावं. नदी होती, घर होतं. बरं गाणं झालं होतं.

मागच्या बाजूला तिच्या नावाशिवाय काहीच नव्हतं. आधी नुसता बास आणि ड्रम. मग एकदम, कोणी विहिरीत तोंड घालून ओरडावं तसं, अल्मेडा. मेडा. एडा. डा. मग बराच वेळ कोणी नाही. आणि आता पुन्हा येणार नाही असं वाटलं, की नेमकी हाक.

व्हर्नल टायटसच्या दुकानात गेला तेव्हा टायटस एका इस्त्रीची वायर जोडत होता.

"तू शब्द दिला होतास!"

"पाळला. पुढे ऐकू येतं का एकदा तरी?"

"आणि मागे?"

"मागचं तू काही बोलला नव्हतास." टायटसने इस्त्री तपासायला बोटाला थुंकी लावली. "आणि काढलेलं ठेवणार कुठे? इतका चांगला तुकडा. टाकवतो का?"

महिन्याभरात सगळं शहर मागच्या बाजूवर नाचत होतं. अल्मेडा कोण, असं लोक विचारू लागले. डीकनने दुकानदारांना कधी खोटं सांगितलं नाही. तो एवढंच म्हणायचा, की आईच्या ट्रकची बातमी कळली त्या क्षणी पोरगा हे गायलाय. पुढचं लोकांनी स्वतःच्या जबाबदारीवर समजून घेतलं.

बाजारासमोरच्या दारूच्या दुकानात नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारा जुकबॉक्स होता. मिस अल्मेडाने आपलं नाव पहिल्यांदा तिथून ऐकलं आणि तिला आनंदच झाला. शेजारची मिस इसिल्डा कांद्याची पात विकायची आणि कितीतरी वर्षं मिस अल्मेडाच्या कोपऱ्यावर डोळा ठेवून होती.

"ऐकलंस इसिल्डा? माझ्या पोराने मला मशीनवर चढवलंय."

"ऐकलं. छान रडलाय. कधी गेलीस?"

"कुठे?"

"वर. लोक म्हणतात ट्रक दरीत गेला."

"मी ट्रकमधूनच आले ना आत्ता!"

"आलीस खरी," मिस इसिल्डा म्हणाली आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "पण ड्रायव्हरशी येताना काही बोललीस का? नाही ना? मग तुला त्याने पाहिलं कशावरून?"

बायका हसल्या. पण एक गिऱ्हाईक याम उचलत होतं, त्याने तो हळूच परत ठेवला. मेलेल्याच्या हातचं अन्न घरी कोण नेणार? दुपारपर्यंत मिस अल्मेडाच्या पोत्यांभोवती एवढी रिकामी जागा झाली, की तिथे एखादी गाडी उभी करता आली असती. समोरचा जुकबॉक्स थांबायला तयार नव्हता.

"मेलीस तर मेलीस," मिस इसिल्डा म्हणाली, "जागा तरी सोड. जित्या माणसांना बसायला जागा नाही."

"मी मेलेली असते ना इसिल्डा, तर पहिली तुझ्या पलंगाखाली आले असते."

"मग मीठ खाऊन दाखव."

सगळा बाजार मान वळवून बघायला लागला. भूत मीठ खात नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. मिठाने ते जड होतं आणि त्याला उडता येत नाही.

आता गंमत अशी, की मिस अल्मेडाला ब्लडप्रेशर होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला मीठ बंद केलं होतं. तो म्हणाला होता, मिस अल्मेडा, खारा मासा तोंडात घातलात तर मी जबाबदार नाही. सरकारला न जुमानणाऱ्या या बाईने डॉक्टरचं मात्र ऐकलं होतं. वर्षभर ती अळणी याम खात होती आणि प्रत्येक घासाला डॉक्टरला एक शिवी देत होती.

तिने बांगडेवालीच्या पिंपात हात घातला, खारा बांगडा काढला आणि सगळ्यांसमोर शेपटीपासून डोक्यापर्यंत खाल्ला. बोटंसुद्धा चाटली.

टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत एक कंद शिल्लक राहिला नाही.

पण पुढच्या आठवड्यात नवी गिऱ्हाइकं आली. त्यांनी गाणं ऐकलं होतं, बांगडा पाहिला नव्हता. पुन्हा खाऊन दाखवावं लागलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात लोक नुसतं बघायलाच आले, लांबलांबून, मुलांना खांद्यावर घेऊन. बाई आता सकाळी एक, दुपारी एक, आणि कोणी फार शंका काढली तर संध्याकाळीही एक बांगडा खायची. याम कधी नव्हे इतका खपत होता. खरं सांगायचं तर तिला बांगडा आवडायचाही.

व्हर्नलच्या गालांवरचं मांस उतरलं.

"मम्मा, थांबव हे. डोकं दुखतं म्हणतेस ना?"

"दुखतं. मग काय करू? मेलेली राहू?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

"तू म्हणालास, म्हणून ते म्हणतायत," मिस अल्मेडा म्हणाली आणि कुठल्याशा गिऱ्हाइकासाठी याम कापायला लागली.

तो डीकनकडे गेला. "तुम्ही एकदा सांगून टाका, की ती जिवंत आहे."

"आणि मग रेकॉर्ड?" डीकन दुखावला. "लोकांनी त्या आवाजावर अश्रू गाळलेत, व्हर्नल. त्यांना मी सांगू, की हा पोरगा उगाच गळा काढत होता? तुझं नाव खराब होईल. मी हे तुझ्यासाठी म्हणतोय."

शेवटी तो स्वतःच भर बाजारात फळांच्या खोक्यावर उभा राहिला. मी तिथे होतो.

"ऐका! ही माझी आई! ही कधीच मेली नव्हती! मला फसवलं होतं, मी उगाचच रडलो!"

लोकांनी त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याला खोक्यावरून खाली घेतलं.

"बाळा, ते गाणं मी ऐकलंय. असा आवाज उगाच लागत नाही."

"आजी, ती बघा ना, समोर बसलीय!"

"हो रे हो. माझाही नवरा मला वर्षभर समोर दिसायचा."

"दुःखाने डोकं फिरलं बिचाऱ्याचं," मागून कोणीतरी म्हणालं. त्या दिवशी मिस अल्मेडाला जास्तीचे बांगडे खावे लागले.

असल्याच एका भर दुपारी, अर्धा बांगडा हातात असताना तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती यामवर आडवी झाली. आधी लोक हसले, त्यांना वाटलं हा नवीन भाग आहे. मिस इसिल्डाने मात्र पातीच्या जुड्या भिरकावल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी येईपर्यंत ती मोठमोठ्याने रडत होती. एवढं तिच्यासाठी कोणीच रडलं नाही, व्हर्नलसुद्धा नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, मी सांगितलं होतं. बाजारात वेगळंच मत पडलं. ती आधीपासून मेलेलीच होती, फक्त मीठ लागू पडायला वेळ लागला.

मयतानंतर आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने ताट वाढतात, आणि त्यात मीठ घालत नाहीत. डॉक्टरने सांगितलेलं जेवण मिस अल्मेडाला असं अखेर कोणाच्या आग्रहाशिवाय मिळालं. मिस इसिल्डानेच ते रांधलं. पुढच्या आठवड्यापासून कोपऱ्यावर तिचीच पात होती.

डीकन काळा सूट घालून समाचाराला आला. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

"पोरा, यातून वाट एकच. गा."

आणि व्हर्नल आला. मला आश्चर्य वाटलं. माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "तेव्हाचं खोटं होतं. तिच्यासाठी एकदा खरं गायला पाहिजे ना?" अंगाने तो आता हवा तसा झाला होता. गाल बसलेले, डोळे आत. लंडनवाल्यांनी बघताच उचलला असता.

तोच बास लावला. व्हर्नलने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि गोड दूध आलं.

पुन्हा लावला. पुन्हा दूध. तो मनापासून गात होता, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पण आवाजाला काही कळलेलंच नव्हतं. आवाज गुबगुबीत होता. व्हर्नल गाणं अर्ध्यावर सोडून माइकसमोर उभा राहिला. त्याला जे कळलं ते मला दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

डीकनने मान पुसली. छताकडे पाहिलं. काचेआड त्याच्या शेजारी आज टायटसही बसला होता. डीकनने बटण दाबलं.

"व्हर्नल, बेटा, तुला बहिणी आहेत ना रे?"

व्हर्नलला दोन बहिणी होत्या. ट्रेलॉनीच्या डोंगरात, आईच्याच जमिनीत आता त्या याम लावत होत्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त डीकनला नक्की आठवत नव्हतं. व्हर्नलने काचेकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्याने त्या खोलीत कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मला कोणी नाही. मला कोणीच नाही."

हेडफोन खुंटीवर लावून तो निघून गेला.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालूच होता. टायटस कधी टेप थांबवत नसे. त्याने ते शब्द पुन्हा ऐकले, मग पुन्हा, मान थोडी तिरकी करून. "हं," तो म्हणाला.

ती रेकॉर्ड पहिलीपेक्षा जास्त चालली. पुढच्या बाजूला काय होतं ते मलाही आठवत नाही. मागच्या बाजूला बास होता, लांबलचक रिकामी जागा होती, आणि त्या जागेत एक माणूस सांगत होता, की मला कोणी नाही. कोणी नाही. णी नाही. नाही.

ट्रेलॉनीला रेकॉर्डी ट्रकबरोबर जातात. गावातल्या दुकानात त्या दोघींनी ती सगळ्यांच्या देखत ऐकली. व्हर्नल समजूत काढायला गेला तेव्हा थोरली पायरीवर बसून रोपांसाठी कंदाचे डोळे कापत होती.

"मी तुम्हाला वाचवायला तसं बोललो," तो म्हणाला.

"कोणापासून?"

 सांगितलं असतं तरी कोणाला पटलं असतं? धाकटी आतून आली, बहिणीच्या हातातलं कापलेलं बेणं घेतलं आणि त्याच्या बाजूने वळसा घालून शेताकडे निघून गेली. थोरलीने सुरी पुसली.

"गाणं छान झालंय," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.